डोक्यातला क्षार

४ मार्च
गिझर उतरवताना स्टुलावरून पडलो. स्टूल गिऱ्हाइकाचं, डोकं माझं. बायकोने जबरदस्तीने स्कॅन करायला लावला. रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही. पण खाली बारीक अक्षरांत: मेंदूत कॅल्शियमचा साठा, सहज आढळलेला. सहज! माझ्या डोक्यात दगड साचतोय आणि यांना तो सहज आढळतो!

५ मार्च
जन्मभर गिझरमधला क्षार खरवडतोय, मला कोण शिकवणार? कॉइलवर क्षार चढला की गिझर आवाज करतो. माझंही तेच! म्हणजे लेकीच्या होणाऱ्या नवऱ्यासमोर मी तिच्यावर ओरडलो, तो दोष क्षाराचा. आणि ती म्हणते, माफी मागितल्याशिवाय लग्नाला यायचं नाही. गिझर कधी माफी मागतो का?

६ मार्च, सकाळी
दूध, दही बंद. रोज पाण्यातून व्हिनेगर. गिझर साफ होतो, मग मी का नाही?

६ मार्च, संध्याकाळी
घशापासून पोटापर्यंत आग. बायकोवर खेकसलो. क्षार सुटत असणार. थंड दूध प्यालो. औषध म्हणून.

९ मार्च
लेकीला रिपोर्टचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, वाच आणि जरा लाज वाटू दे. वाचलं. उत्तर नाही. हे आपले संस्कार!

११ मार्च
डॉक्टर म्हणाला, वयानुसार असं पुष्कळांना होतं, काही करायची गरज नाही, रागाशी संबंध नाही. मी टेबलावर हात आपटून विचारलं, मग मला राग का येतो? म्हणाला, ते स्कॅनमध्ये दिसत नाही. उद्धट मेला. डॉक्टर बदलणार.

१२ मार्च
बायकोने कपाटातून स्वतःचा जुना रिपोर्ट काढला. डोकं दुखायचं तेव्हाचा. मला पत्ताच नाही. विचारलं, तेव्हा मी कुठे होतो? म्हणाली, हॉस्पिटलच्या खाली पार्किंगवाल्याशी भांडत होता.

तिच्या डोक्यातही तोच साठा. तीच जागा. माझ्यापेक्षा मोठा. आणि या बाईचा आवाज स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत येत नाही.

तेवढ्यात लेकीचा फोन. अर्थात तिच्या आईला. स्पीकरवर म्हणाली, आई, तुझा रिपोर्टही बघितलाय मी. मग बाबांना विचार, त्या दिवशी ओरडलं कोण?

बायकोने फोन माझ्या हातात दिला आणि उभी राहिली. आवाज येत नाहीये असं ओरडून सांगणार होतो. आवाज स्वच्छ येत होता.

म्हणालो, मी.