चार फवारे

११ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारी सगळ्यांनी हजर राहायचं म्हणे! आग विझवण्याचं प्रशिक्षण! केशवरावांचा फोन होता. इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी झाल्यापासून त्यांना दर महिन्याला काहीतरी नवीन सुचतंच. म्हटलं, अहो, मी आपल्या पोळीभाजी केंद्राचा हिशेब लिहिते, शेगडी माझ्याकडे नाही. तर म्हणाले, "वंदनावहिनी, वरून कागद आलाय. स्वयंपाकघरात जो पाय ठेवतो त्याने शिकलंच पाहिजे. नाहीतर केंद्राला कुलूप." घ्या!

त्यात शनिवारी एकादशी. उपाशीपोटी धुरात उभं राहायचं. ह्यांना सांगितलं तर पेपरातून डोकं वर न काढता — "चांगलं आहे की. घरातही उपयोगी पडेल." घरात कधी आग लागली? लागते ती माझ्या डोक्यात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी तीनला घरी आले. केसांना डिझेलचा वास. शिकेकाईने धुतले तरी जात नाही.

हॉलच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओतून पेटवलं. शिकवायला अनिल सार आलेले (इकडे सरांना सारच म्हणतात). वय तिशीचं, आवाज फौजदाराचा. सगळं आपल्या इथल्या दखनी हिंदीत. "अम्मा, पीठ दरवाज़े की तरफ़! भागने का रास्ता पहले देखो, आग बाद में!" आग विझवायचं लाल नळकांडं घ्यायचं, पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा, डावीउजवीकडे फिरवायचं. एवढंच. कढईतलं तेल पेटलं तर आधी गॅस बंद, मग वर झाकण, पाणी अजिबात नाही. आणि एका नळकांड्यात विझली नाही तर सगळं टाकून बाहेर पळायचं. एवढ्यासाठी तीन तास!

भामाबाईंचं नवल वाटलं. अकरा वर्षं आमच्याकडे पोळ्या आणि तळण करतात, हॉलमागच्याच खोलीत राहतात. आधी "नक्को माय, मला भ्या वाटतं" म्हणून दाराला चिकटून उभ्या. मग पदर खोचला आणि एका दमात विझवली! सार म्हणाले, "शाबाश! ये देखो, सब लोग देखो!"

माझी पाळी आली तोवर सारांनी आणलेली नळकांडी संपली. म्हणून स्वयंपाकघरातलं आमचं स्वतःचं आणलं. तर पिन निघेना! खंडेनवमीला मीच त्याची पूजा केली होती. विळी, झारे, गॅसची शेगडी सगळ्यांची केली, मग यानेच काय पाप केलं? नाडाछडी पिनेच्या कडीतून घेऊन घट्ट गाठी मारल्या होत्या. सार बघतच राहिले. "ये किसने बांधा?" सगळ्यांची बोटं माझ्याकडे. "अम्मा, आग लगी तो पहले गांठ खोलने बैठेंगे क्या?" त्रिवेणी फिदीफिदी हसत होती. ती भाजीचं बघते. आज मात्र सबंध वेळ मोबाइलवर व्हिडिओ काढत होती. पूजेचा धागा कात्रीने कसा कापायचा? मी नखांनी सोडवत बसले. पाच मिनिटं गेली. ट्रेमधलं डिझेल जळून संपलं, पुन्हा ओतावं लागलं.

मी बेताने दाबलं. एक फवारा. आग खाली. थांबले. आग वर! पुन्हा एक. असे चार. विझली शेवटी. पण सार ओरडले, "अम्मा, गुलाबपानी नक्को छिड़को! पूरा दबाओ!" सगळं अंगण हसलं. अर्धं नळकांडं वाचवलं त्याचं कुणालाच काही नाही.

जाताना त्यांनी आणखी एक सांगितलं. एकदा दांडा दाबला की, एकच फवारा का असेना, ते रिकामं धरायचं. पूड तोंडाशी अडकते, दाब हळूहळू निघून जातो. त्याच दिवशी भरायला द्यायचं. केशवराव लगेच — "वहिनी, सोमवारी तेवढं भरून आणायचं बघा. तुमच्यावर सोपवतो." आणि भरून देणारं दुकान कुणाचं? अनिल सारांच्या मेव्हण्याचं, नल्लकुंट्याला! मला काय एवढंही कळत नाही?

१७ नोव्हेंबर, सोमवार

नळकांडं पाहिलं. दाबाचा काटा हिरव्यातच आहे. काठावर, पण हिरव्यात. अर्धा डबा साखर आहे म्हणून ती ओतून देऊन कुणी नवी भरतं का? पुसून जागेवर टांगलं. शेजारच्या तपासणीच्या तक्त्यावर बरोबरची खूण केली, सही केली. खोटं काय त्यात? तपासलंच आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सर्टिफिकेटं आली. केशवरावांनी ती फ्रेम करून भिंतीवर लावली. माझंही. मॅट्रिकनंतर पहिलंच. हे म्हणाले, "आता साहेब झालात!" बोलू नका म्हटलं.

त्रिवेणीने नळकांड्यावर ॲप्रन टांगला होता. म्हटलं, ती काय खुंटी आहे? वेळेला सापडायला नको? "आंटी, चिल." आईबाप दोघं मराठी, आणि पोरगी चिल!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचायला घेतली आणि फोन. तो मेव्हणा! "अम्मा, सिलिंडर कब भेजते?" भेजते भेजते म्हटलं, ठेवला. पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. परेशान करून सोडलंय.

३ डिसेंबर, बुधवार

लिहवत नाही. पण लिहिते.

उद्या दत्तजयंती, म्हणून प्रसादाचं तळण आज. सकाळी अकराला भामाबाईंच्या कढईतलं तेल पेटलं. मी दाराशी माझ्या टेबलावर होते. ज्वाळा शेजारच्या पत्रावळींच्या खोक्यांना लागली. भामाबाईंनी गॅस बंद केला. कढईवर परात उपडी टाकली. नळकांडं काढलं, दाराकडे पाठ केली, पिन ओढली, नळी खोक्यांच्या बुडाशी धरून दांडा दाबला. जसं शिकवलं तसं, एकही पायरी न चुकता.

फुस्स.

मूठभर पांढरी पूड आणि फुस्स! पुन्हा दाबलं. काही नाही. मग त्यांनी ते टाकलं आणि पेटती खोकी हातांनी अंगणात ओढून नेली. बाहेर पळायचं असतं! सारांनी सांगितलं होतं! पण आत गॅसच्या टाक्या होत्या, आणि पलीकडे त्यांची खोली. त्रिवेणीने अंगणात खोक्यांवर बादल्या ओतल्या.

मी काय केलं? वही छातीशी धरून उभी राहिले.

दोन्ही हात भाजलेत. मनगटापर्यंत.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. संध्याकाळी आरतीनंतर बैठक. केशवराव म्हणाले, "प्रशिक्षण देऊनसुद्धा बाई घाबरल्या. यंत्र नीट दाबलं नाही. उद्या मोठं काही झालं तर?" ठराव — भामाबाईंना कामावरून कमी करावं, रविवारी खोली रिकामी करून घ्यावी. सभेचा वृत्तांत मीच लिहिते. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: "श्रीमती भामाबाई यांनी घाबरून यंत्र नीट न वापरल्यामुळे." अक्षर चांगलं आलं.

केशवरावांनी भामाबाईंना विचारलं, काही म्हणायचंय का? "न्हाई." एवढंच! बोलायला काय झालं या बाईला! नीट दाबलं होतं म्हणून सांगायचं! अख्ख्या कमिटीपुढे मातीसारखी गप्प बसली! इतका राग आला की येताना चपला उलट्यासुलट्या घालून आले.

५ डिसेंबर, शुक्रवार

मऊ खिचडी घेऊन खोलीवर गेले. हाताला पट्ट्या, म्हणून चमच्याने भरवली. त्रिवेणी त्यांची ट्रंक भरत होती. आज मोबाइल नव्हता हातात.

"परसाद झाला का बराबर, वैनी?" म्हणे! झाला हो. "आता पोळ्या तुमीच लाटा. गोल आल्या तर कळवा मला." आणि हसल्या.

विचारलं, जाणार कुठे? "उदगीरला, बहिणीकडं. तिचीच आठ माणसं एका खोलीत हायेत. दारात निजीन." मी म्हटलं, भामाबाई, काल बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "थोडं मीठ कमी हाय."

घरी येऊन जपाला बसले. माळ तीनदा सुटली हातातून.

६ डिसेंबर, शनिवार

केशवरावांकडे गेले. उभ्या उभ्या सांगितलं. नळकांडं मी भरायला दिलंच नाही, अर्धं वापरलेलं तसंच टांगलं, तक्त्यावर खूण माझी. वाटलं, रागावतील. चांगलं झालं असतं. तर त्यांनी उठून दार लोटून घेतलं!

"हे आणखी कुणाला बोललात? नका बोलू. चौकशी आली तर मंडळाची चूक ठरेल, केंद्र बंद पडेल. घाबरून दाबलं, इतकं पुरे. त्यात बाईंचं काय जातं?"

"खोली जाते," म्हटलं.

"वहिनी, तुमचं नाव राखतोय मी!"

माझं नाव! भिंतीवर फ्रेममध्ये आहेच ते. अकरा वर्षं ज्या बाईच्या हातची पोळी खाल्ली, तिच्याविषयी विचारतो, काय जातं! आणि मी त्याच्यावर चिडलेय, सारांवर चिडलेय, मेव्हण्यावर, त्रिवेणीवर, भामाबाईंवर. महिनाभराची पानं उलटून पाहिली. ज्या एकीवर चिडायला हवं होतं, तिच्यावर रागावल्याचं एका पानावर नाही.

हे म्हणाले, "झोप आता." म्हटलं, जेवण तरी होऊ दे, साडेसातच वाजलेत.

७ डिसेंबर, रविवार

सभेची वही घेऊन खोलीवर गेले. ट्रंक दारात. केशवराव किल्ली घ्यायला आलेले, कमिटीतले दोघे बरोबर. ती ओळ खोडली नाही. खाली नवी लिहिली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली: "यंत्र रिकामे होते. ते भरून आणण्याचे काम माझ्याकडे होते, मी केले नाही, तक्त्यावर खूण व सही मात्र केली. भामाबाईंनी सर्व बरोबर केले. वंदना." केशवराव किल्ली न घेताच पाठ फिरवून गेले. बैठक पुन्हा होणार.

भामाबाई म्हणाल्या, "मला म्हाईत व्हतं, वैनी. ते कुठं गेलंच नव्हतं. म्या रोज झाडते की तिथं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या सहीपुढं माझं कोण ऐकतंय? तुमीच लिवाल म्हणून बसले वाट बघत."