गुळाचा खडा

चि. उदयसिंह,

मावशीचं घर इसरलास व्हय रं? लहानपणी माझ्या ज्ञानूच्या ताटातली भाकरी मात्र आठवणीनं पळवायचास.

त्याच ज्ञानूच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी कामाचा दाखला मागितला, तर तुझ्या खडी क्रशरच्या कचेरीनं त्यावर 'बिडीचं व्यसन' लिवलं. आरं, त्यानं कवा तंबाखूबी मळली न्हाई! सिगरेटी तू वढतोस, काचेमागं बसून. त्यानं वीस वर्सं धूळ गिळली. मास्क मागितला की तू गुळाचा खडा द्यायचास, 'ह्यानं धूळ उतरती' म्हणून.

ज्ञानूची बायको संयोगिता हे लिवतीया, पर म्हणती, "आत्ती, धाडायला नको. धाकलं भावजी अजून तिथंच कामाला हायती."

धाडलंच, तर दाखल्यावर खरं लिव. ज्ञानूला आता निस्ती पेज उतरती, तवा तांदूळ धाड. गूळ नको. त्यो तू खा, क्रशरखाली उभा राहून.

अंगठा, तुझी शालूमावशी