प्रकरण सोळा : हॉर्न

९ जानेवारी

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

...दूध तापवून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, दोन बादल्या कपडे दोरीवर गेले होते आणि ह्यांचे पाय नेहमीप्रमाणे गाडीखालून बाहेर आले होते. चहा आत्ता की मग, असं मी त्या पायांना विचारलं. उजव्या पायाचा अंगठा हलला, म्हणजे मग. लग्नाची निम्मी वर्षं मी त्या पायांशीच बोलले. तेवढ्यात सासूबाईंचे चांदीचे चमचे वाटून घ्यायला तुम्ही आलात.

चमचे सहा. प्रत्येकाच्या दांड्यावर सासूबाईंनी सुईनं टिंबं कोरलेली, पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, अशी सहापर्यंत. तुम्ही तीन घेतलेत, मला उरले दोन. सहा टिंबांचा नव्हताच. मोजायला आधी कोण बसलं होतं, असं तुम्ही विचारलंत. त्यावर मी दारात, शेजारचे कंपाउंडर, त्यांची बायको, समोरचा शिंपी आणि वरच्या मास्तरीणबाई यांच्यादेखत म्हणाले की वन्संची पिशवी आज जरा जड दिसते. तुम्ही पिशवी उघडली नाहीत, मी शब्द मागे घेतला नाही. सगळं आटपेपर्यंत ते पाय जागचे हलले नाहीत. आईच्या दुःखात आहेत, असं मी समजले.

त्याला अकरा वर्षं झाली. तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत. चौदा महिन्यांपूर्वी हे गेले तेव्हा आलात, पण अंगणातच बसलात आणि पाणीसुद्धा शेजारून मागवलंत. आपलं बोलायचं नाही असं ठरलं होतं. लिहायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं, म्हणून लिहिते.

काम गाडीचं आहे. मुलाच्या मते ती भंगारात द्यावी. त्यानं परस्पर भंगारवाला पाठवलासुद्धा. मी त्याला पाणी देऊन परत पाठवलं. मला चालवता येत नाही, पण चालणारी वस्तू नुसती उभी बघवत नाही. ती मी घरीच दुरुस्त करणार आहे. वाचनालयातून मोटारदुरुस्तीचं पुस्तक आणलंय, सतरा प्रकरणांचं. माझी शाळा चौथीत सुटली. त्यानंतर जे काही वाचलं ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मधलं पान कधी उघडलं नाही. गाडीही तशीच होईल. लहानपणापासून ह्यांच्या हातात पाने-पकडी तुम्ही दिल्यात, ही गाडी चालवायलाही शिकलात. तेव्हा तिचं कुठे काय दुखायचं तेवढं कळवावं.

चमच्याचा विषय मी काढलेला नाही, याची नोंद घ्यावी.

लोभ जेवढा शिल्लक असेल तेवढा तरी राहू द्यावा.
तुमची वहिनी


१७ जानेवारी

ती. वहिनी यांस,
शि. सा. न. शिर दुखतंय, तेव्हा उरलेला साष्टांग गोड मानून घ्यावा.

पत्र तीनदा वाचलं. चमच्याचा विषय तुम्ही काढलेला नाही, त्याला फक्त पाऊण पान दिलंत, याची नोंद घेतली. आमच्याकडे सगळे, म्हणजे मी आणि मांजर, मजेत आहोत. पस्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली, आता मांजर शिट्टी ऐकत नाही एवढीच तक्रार.

तुम्ही गाडी दुरुस्त करणार, हे ऐकून आधी हसले. मग आठवलं, कुकरची शिट्टी उडाली तेव्हा ती छतातून शोधून तुम्हीच बसवली होती. तेव्हा कराल.

फक्त एक ऐका. सगळं सोडून आधी हॉर्न बघा. स्टिअरिंगच्या मधोमध गोल बटण आहे, ते काढायचं आणि आत काय आहे ते नीट बघायचं. इंजिन कुठे पळून जात नाही. रस्त्यात माणसं असतात, आवाज आधी हवा. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

लोभ असावा. नसला तरी हॉर्न बघावा.
तुमची नणंद


२० फेब्रुवारी

प्रिय वन्सं यांस,
नमस्कार. विनंती काही नाही, विशेष पुष्कळ आहे.

सातवं प्रकरण झालं. पुस्तकात हॉर्न सोळाव्यात आहे, तेव्हा धीर धरावा. प्लग मी दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासले. कार्बोरेटर उघडून रॉकेलच्या ताटलीत ठेवला, तर त्यातून एवढी घाण निघाली की ताटली टाकून द्यावी लागली. तो परत जोडल्यावर एक स्प्रिंग उरली. पुन्हा उघडला, पुन्हा जोडला, तर दोन उरल्या. गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावलं. तो आधी पोट धरून हसला, मग गाडीखाली गेला आणि गंभीर होऊन बाहेर आला. ही गाडी कंपनीनं बनवलेली दिसत नाही, स्वयंपाकघरात बनवलेली दिसते, असं त्याचं मत पडलं.

ते खरं आहे. काच खाली-वर करायच्या दांड्याला माझ्या चपलेचा पट्टा निघाला. रेडिएटरच्या नळीवर कुकरची रिंग. मागच्या दिव्याच्या तारा केसांच्या आकड्यांनी धरलेल्या, एकूण नऊ. ह्या आकड्यांवरून मी कामवाल्या बाईला बोलले होते. ती आता नातवाकडे राहते. जाऊन आले, आकडे दाखवले. ती एवढंच म्हणाली की साहेबांनी सांगायला हवं होतं.

ग्रीस काढायला ह्यांनी डब्यात एक काळीकुट्ट पळी ठेवली आहे, काठीला तारेनं बांधलेली. हाताला छान बसते. महिनाभर तीच वापरते आहे.

शेडमध्ये बसलं की बरं वाटतं. तिथे ह्यांचा वास अजून आहे. म्हणजे पेट्रोलचा आहे, पण माझ्या दृष्टीनं तो एकच.

माया पातळ करू नये.
वहिनी


२८ फेब्रुवारी

ती. वहिनी यांस,
साष्टांग, या खेपेला शिरासकट.

पुस्तक मिटा. प्रकरण आठ ते पंधरा कुणाच्या बापाचं काही अडवून बसलेली नाहीत. हॉर्नचं बटण पान्याशिवाय निघतं. सोबतच्या पाकिटात एक छोटा स्क्रूड्रायव्हर पाठवला आहे, शिवणयंत्राचा, त्यानं तर डोळे मिटून निघेल. टपालखिडकीवरच्या माणसानं आत काय आहे विचारलं, मी औषध म्हणून सांगितलं.

माझं वय अठ्ठावन्न आहे. सोळाव्या प्रकरणापर्यंत मी असेनच असं धरून चालू नये. त्या काळ्या पळीनं ग्रीस काढत असाल तर सावकाश, ती फार जोरात घासू नका. किंवा घासाच. मला काय ठाऊक.

घाई करावी, ही विनंती. लोभ मग निवांत करू.
तुमची नणंद


२१ एप्रिल

प्रिय वन्सं यांस,
नमस्कार.

स्क्रूड्रायव्हर मिळाला. अकराव्या प्रकरणात दाराच्या कड्यांना उपयोगी पडला. ब्रेक झाले, गंज घासून रंगाचा पहिला हात झाला. माझ्या कोपरापर्यंत अजून निळा रंग आहे. मुलगा येऊन बघून गेला. आईला नाद लागला, असं त्यानं बायकोला फोनवर सांगितलं, मी ऐकू शकते हे विसरून.

काल सोळावं प्रकरण काढलं. पुस्तकात लिहिलंय की बटणाच्या आत पितळेची पट्टी असते. बटण दाबलं की ती खालच्या कडीला टेकते आणि हॉर्न वाजतो. मी बटण काढलं. पट्टी पितळेची नव्हती. पांढरी होती. फुंकर मारली, पदरानं पुसली, चष्मा लावला. एका टोकाला टिंबं होती. मोजली. मग पुन्हा मोजली, कारण सहा वेळा मोजूनही सहाच येत होती.

मग उठून ग्रीसच्या डब्यातली पळी राखेनं घासली. चमच्याचा उरलेला भाग तो होता.

वन्सं, चौदा महिने, आणि आता सतरा, मी ह्यांची आठवण काढली ती देवमाणूस म्हणूनच. काल पहिल्यांदा रागावले. गाडीत मागच्या सीटवर बसून पुढच्या रिकाम्या सीटला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तासभर बोलले. रागावून झाल्यावर बरं वाटलं, माणूस घरात असल्यासारखं. मग वाईट वाटलं, कारण उत्तर द्यायला अंगठासुद्धा नव्हता.

पण हा राग ह्यांच्यावरचा झाला. पिशवी जड दिसते हे ह्यांनी म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. माझी चूक झाली. मी तुमची माफी मागते. यापेक्षा चांगली वाक्यं पुस्तकांत वाचली आहेत, पण ती इथे वापरायची नाहीत असं ठरवलं.

आणि एक विचारते. टपालानं स्क्रूड्रायव्हर पाठवणारी नणंद मी जगात दुसरी पाहिलेली नाही. तुम्हाला ठाऊक होतं का?

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
वहिनी


२९ एप्रिल

ती. वहिनी यांस,
नमस्कार. आज सगळा नीट करते, उभं राहून.

ठाऊक होतं. नऊ वर्षं.

आपलं भांडण होऊन दोन वर्षं झाल्यावर दादा एकदा माझ्याकडे आला. दारात हॉर्न दोनदा वाजवला, चहा नको म्हणाला आणि खुर्चीत बसून स्वतःच्या चपलांकडे बघत सगळं सांगितलं. चांदीतून वीज सगळ्यात चांगली जाते असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. त्याला वाटलं सहा आहेत, एक गेला तर कुणाला कळतंय. पुढे आई गेली आणि आपण दोघी मोजायला बसलो. त्या सकाळी गाडीखाली तो काहीही दुरुस्त करत नव्हता, वहिनी. आपलं संपायची वाट बघत नुसता पडून होता.

मी खूप बोलले त्याला. मग मी जन्मभर चोर म्हणून राहू का, असं विचारलं. तर म्हणाला, “तू लांब राहतेस. मला रोज तिच्यासमोर बसून जेवायचंय.” माझा भाऊ वाईट नव्हता, भित्रा होता. एरवी हातोडी आणि करवत घेऊन कशालाही भिडायचा, तुमच्या भुवया सोडून.

त्यानं शब्द घेतला, बोलायचं नाही आणि लिहायचं नाही. तो मी पाळला. आधी हॉर्न बघा असं लिहिणं शब्दाबाहेर जात नाही, यावर मी मांजराशी रीतसर चर्चा केली होती. मी सांगूनही तुम्ही पुस्तकाची ओळ सोडणार नाही हे मात्र धरलं नव्हतं.

माफी पोचली. घडी घालून ठेवली आहे, अधूनमधून वाचेन.

आता माझं एक ऐका. कुणी विचारलंच तर चमचा सापडला एवढंच सांगा. दादाचं नाव काढू नका. गेलेल्या माणसाला लोक हसतील ते मला आवडणार नाही. माझं काय, अकरा वर्षं तशीही गेली. त्या दारातून आत यायला मला अजून जड जातं, पण ते माझं मी बघेन.

लोभ आहे. होताच, फक्त दाखवायला बंदी होती.
तुमची नणंद


७ मे

प्रिय वन्सं यांस,
नमस्कार.

गाडी सुरू झाली. मंगळवारी सकाळी, चौथ्या झटक्याला. धूर एवढा की वरच्या मास्तरीणबाईंनी खिडक्या लावल्या. मिस्त्रीनं साधी पितळेची पट्टी आणून दिली, ती मी हॉर्नला बसवली. आवाज आता घसा बसल्यासारखा येतो. येऊ दे. चमच्याचे दोन्ही तुकडे घासून डब्यात ठेवलेत. सहा टिंबांचा तुम्ही घ्यावा असं मला वाटतं. अर्धे अर्धे घ्यायचे म्हटलं तरी सोपं आहे, काम झालेलं आहे.

तुमचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. तुमच्यासमोर खोटं ठरायला ह्यांना चाललं, माझ्यासमोर नाही, हे वाचून आत कुठेतरी मला बरं वाटलं, आणि मग त्याची लाज वाटली. मी एवढी कडक होते का, असंही स्वतःला विचारलं. होते. आमचं चांगलं चाललं होतं, पण ह्यांनी बरंचसं आयुष्य गाडीखाली काढलं हेही खरं.

नाव काढू नका म्हणता. त्यावर मी अजून काही ठरवलेलं नाही. ह्यांना लोक हसलेले मलाही चालणार नाही. पण नुसतं सापडला म्हटलं तर लोक विचारतील कुठे, आणि मी गप्प बसले की बघणारा पुन्हा तुमच्या पिशवीकडेच बघेल. आपल्या घरात गप्प बसण्याचं काम एका माणसानं पुरेसं केलंय.

गाडी चालवायला माणूस नाही. येता का, एवढंच विचारते. नाही म्हणालात तरी लोभ कमी होऊ देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नये.
तुमची वहिनी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज दुसरा दिवस. सकाळची कामं आटपून मी तिन्ही दारांत गेले आणि सांगितलं की चमचा वन्संनी नेला नव्हता, माझ्या नवऱ्यानं हॉर्नसाठी कापला होता, आणि नसता आळ मी घेतला होता. कंपाउंडर म्हणाले, त्यांना तेव्हाच शंका होती. त्यांची बायको म्हणाली, त्यांना कधीच कसली शंका नसते. मास्तरीणबाईंना चमचा आठवत नव्हता, पिशवी आठवत होती. शिंप्याला आता कमी ऐकू येतं. त्याला मी तीनदा सांगितलं, रस्त्यात उभी राहून, मोठ्यानं.