डोंगराच्या पाठीमागचं ऊन

२२ जुलै, मंगळवार

वही आणून तीन आठवडे झाले. पेणच्या स्टँडसमोर घेतली, रोज लिहीन म्हणून. एकदा पेन सापडलं नाही. सापडलं तेव्हा खाडीवर खेकडे धरायला गेलो. मग वहीत पॉलिश पेपरचे तुकडे ठेवायला लागलो. खोटं कशाला लिहू — टाळत होतो. लिहायला बसलं की पहिलं हेच लिहावं लागणार, की मी कुठलीच गोष्ट पुरी करत नाही. कॉलेज दीड वर्ष. रोह्याच्या कंपनीत पाच महिने, मग एक दिवस शिफ्टला म्हणून निघालो आणि गोकर्णला पोचलो. तिथून हंपी. आई गावी, निडीत, शेजारणींना सांगते, "आमचा निकेश आज कुठं हाय ते त्यालाच इचारा."

आता जोह्यात आहे. कमळाकरकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासतो, माळ्यावर झोपतो. पाच महिने होत आले — म्हणजे माझी पळायची वेळ!

पण आज एक काम गळ्यात पडलं. आपल्या एकतीस मूर्ती जहाजानं मॉरिशसला पोचल्या. तिकडच्या मराठी मंडळाची ऑर्डर. गेल्या वर्षी रंगवून पाठवल्या होत्या, वाटेत रंग खरवडला. म्हणून यंदा नुसत्या शाडूच्या गेल्या — ना रंग, ना डोळे. काकांची मुलगी मृणाली जाऊन ते तिकडंच करणार. आधी डोळे कारखान्यातले म्हातारे गुणाजीबाबा काढायचे, आता त्यांचा हात थरथरतो.

अडचण अशी — समुद्रावरून जाऊन शाडू ओल धरतो. ओल्यावर रंग लावला की पापुद्रे सुटतात. म्हणजे आधी तीन दिवस सुकवण, एक दिवस रंग, दोन दिवस डोळ्यांची आखणी. मृणालीला मिळणार दहा दिवस. नंतर इथल्या मूर्तींचे डोळे कोण काढणार? ते दहा दिवस कोरडे पाहिजेत.

काका म्हणाले, "तू नायतरी मोबाईलच बघत असतोस. रोज त्या बेटाचं हवामान बघ नि फळ्यावर लिही. एक दिवस चुकवायचा नाय."

नाही चुकवणार. लिहून ठेवतो.

२४ जुलै, गुरुवार

काल चुकवला! ब्रश आणायला पेणला गेलो, येताना हमरापूरला ट्रक कलंडलेला, तो उभा करेपर्यंत बघत राहिलो. कारखान्यात शिरलो तर मृणाली — "काय रे, बेट बुडालं का?"

उद्यापासून सकाळी उठल्या उठल्या. तोंड धुवायच्या आधी.

२६ जुलै, शनिवार

तीन दिवसांचा फळा:
वारा ताशी तीस. हलक्या सरी. मधून ऊन.
वारा ताशी बत्तीस. हलक्या सरी. मधून ऊन.
वारा ताशी तीस. हलक्या सरी. मधून ऊन.

घासायला बसणाऱ्या बायका हसतात. "एकदाच लिही नि वर तारीख बदल!" त्यांचंही बरोबर. इथं एका दिवसात चार हवा होतात, तिकडं कुणी छापून ठेवल्यासारखी.

काकांना सांगितलं, तिकडं आता हिवाळा आहे. पृथ्वीचं खालचं अंग. त्यांना पटेना. "गणपतीत थंडी? काय बोलतो!" मला नववीतला भूगोल आठवला तेवढा सांगितला. मध्येच पेंग्विनकडे गेलो, ते नको होतं.

२८ जुलै, सोमवार

आज निकाल दिला. ८ ते १७ ऑगस्ट. सरी जवळजवळ नाहीतच, ऊन भरपूर. काकांनी मृणालीचं तिकीट काढलं. माझ्या शब्दावर! आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या शब्दावर विमानाचं तिकीट काढलं.

मृणाली लगेच तयारीला लागली. आखणीचे बारीक ब्रश एकेक धुऊन उन्हात मांडून ठेवले.

३० जुलै, बुधवार

वाट लागली.

मंडळाच्या नूतनताईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचे पणजोबा इकडून गेलेले, मराठी बोलतात छान, पण थांबत थांबत. हॉलमध्ये मूर्ती दाखवत होत्या. अंगात जाड स्वेटर. खिडकीच्या काचांवरून पाणी निथळतंय. मी म्हटलं, "आज पाऊस?"

"आज? इथं रोज पाऊस येते. आम्ही वर आहोत ना, डोंगरावर."

मी बघत होतो विमानतळाचं हवामान. समुद्राकाठचं! मॉरिशस टाकलं नि जे पहिलं आलं ते धरून बसलो.

मृणालीनं फोनवरच त्यांना मूर्तीच्या पाठीला गाल लावायला सांगितला. आपल्याकडे अशीच बघतात ओल — हाताला कळत नाही, गालाला कळते. नूतनताईंनी लावला आणि चटकन बाजूला केला. "गार! बर्फ जशी!"

मग त्या हॉलचं गाव शोधून पाहिलं. आठ ते सतरा, रोज सरी. तिकीट बदलता येत नाही.

काकांनी फडकं घेतलं नि फळा पुसून टाकला. ते वाईट.

३१ जुलै, गुरुवार

खरं लिहायचं ठरलंय तर लिहितो. सकाळी बॅग भरली. कुणाला न सांगता हमरापूरला रेल्वेगाडीत बसलो. रोह्याला उतरायचं, पुढची मिळेल ती धरायची.

पेणला आभाळ नुसतं भरलेलं. नागोठण्याला एवढा कोसळत होता की स्टेशनची पाटी दिसेना. आणि आमची निडी — पुढचंच स्टेशन! — फलाट कोरडा, कुत्रं ऊन खात पडलेलं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी जन्मापासून हे बघतोय. नागोठण्याचा पाऊस बघून निडीत कुणी छत्री उघडत नाही. आणि मी अख्ख्या बेटाला एकच पाऊस लावून मोकळा झालो. मग तिकडंही एखादी निडी असेल की!

रोह्याला उतरलो आणि सरळ वरसे गाव गाठलं. गुणाजीबाबांकडे. गेल्या वर्षी खरवडलेला रंग सारखा करायला तेच गेले होते.

बाबा ओटीवर बसलेले. "काय हवामान खातं? फळा सोडून हिकडं?"

सगळं सांगितलं. ते हसायला लागले. "मला खालच्या अंगाला ठेवलेला, नूतनबाईच्या भावाकडं. डोंगराच्या पाठीमागं. वारा येतो एकाच बाजूनं. समोरच्या गावांना भिजवतो नि पाठीमागच्यांना नुसता फुंकतो. माझं धोतर तासात वाळायचं. वर हॉलात चार दिवस नाय."

"मग आधी सांगायचंत ना बाबा!"

"कमळाकरनं इचारला का? हात थरथरतो माझा, डोकं नाय."

संध्याकाळी परत जोह्यात. बॅग कुणी पाहिली नाही. बहुतेक मृणालीनं पाहिली.

२ ऑगस्ट, शनिवार

काकांना म्हटलं, तारीख नको बदलूया, जागा बदलूया. मूर्ती डोंगरामागं न्यायच्या. काकांनी नूतनताईंना फोन लावला. त्यांना पटलं, भावाची मोठी पडवी रिकामीच आहे. पण मंडळाचे अध्यक्ष कान्हूजी नको म्हणाले. पंचाहत्तरीचे आहेत, त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. मूर्ती हॉलमध्ये आल्या त्या दिवशी त्यांनी हार घातले, दिवा लावला. रोज आरती चालू आहे. "बसलेला देव उठवायचा नसतो."

काका कपाळाला हात लावून बसले. "अरे, बसलाय कुठं अजून!"

४ ऑगस्ट, सोमवार

फळ्याचे दोन भाग केले. डावीकडे 'वर', उजवीकडे 'खाली'. सकाळ, दुपार, संध्याकाळ. फोटो काढून नूतनताईंना पाठवतो, त्या कान्हूजींना दाखवतात.

वर: वारा, सरी, धुकं.
खाली: वारा, ऊन.

कान्हूजींचा निरोप — "पोराला सांगा, देव हवामान बघून बसत नाही."

बरं. मीपण उठत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

पुन्हा वरश्याला गेलो. बाबांना म्हटलं, तुम्ही बोला त्यांच्याशी, माझं वय नाही. त्यांना फोन कानाला लावून बोलवत नाही, म्हणून त्यांचा आवाज भरून कान्हूजींच्याच फोनवर पाठवला. एका दमात बोलले:

"कान्हूजी, रामराम. गुणाजी बोलतो, पेणचा. पन्नास वर्षं डोळे काढले मी. डोळे नाय तवर ती मातीच. आम्ही तिला आडवी टाकतो, कडेवर घेतो, पाठीवर बुक्की मारतो. तुमच्याकडं आजवर डोळे काढलेलेच आले, म्हणून तुमाला ठावं नाय. चूक आमची, सांगायला पायजे होता. पोरगी येतेय. तिनं डोळे काढले की मग उठवू नका हो कुणी."

दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे ऐकलं. उत्तर नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

मृणाली गेली. उत्तर आलेलं नसताना. काका म्हणाले, "गो, नको जाऊस. ओल्या मातीवर काय करणार?" ती म्हणाली, "बाबा, न जाऊन तरी काय सुकणार हाय का?"

गाडीत बसताना मला म्हणाली, "त्या दिवशी बॅग परत माळ्यावर ठेवलीस ना? राहू दे तिथंच."

पाहिली होती म्हणजे.

९ ऑगस्ट, शनिवार

वर: सरी, धुकं. खाली: ऊन.
मृणाली पोचली. मूर्तींना गाल लावून बघितला, गारच.

१० ऑगस्ट, रविवार

इथल्यासारखी मूर्तींजवळ शेगडी ठेवू म्हणाली, तर हॉलमध्ये विस्तवाला बंदी. पंखे लावलेत, ते ओलीच हवा फिरवतात. कान्हूजी सकाळी येतात, आरती करतात, तिच्याशी न बोलता जातात. तिनं त्यांना चहा दिला, तो मात्र घेतला.

हिशेब मांडला. तीन दिवस सुकवण, एक रंग, दोन आखणी. सतरा तारखेला रात्री तिचं विमान. बारा तारीख शेवटची. तेराला हलवल्या तर डोळे अर्धेच होतील. अर्ध्या मूर्तींना डोळे, अर्ध्या आंधळ्या — पुढच्या वर्षी कोण देईल ऑर्डर? आणि मृणालीला पुन्हा कोण एकटी पाठवील?

११ ऑगस्ट, सोमवार

काका आज फोनवर म्हणाले, "ये परत. लोक काय बोलायचे ते बोलतील." मी शेजारीच मूर्ती घासत होतो. मृणालीचा आवाज ऐकू आला — "येईन ती डोळे काढूनच. निकेशला सांगा, फळा थांबवायचा नाय."

थांबवला नाही. आज पाच वेळा लिहिला. खाली पाचही वेळा ऊन. इतकं ऊन फुकट चाललंय!

बायका आता हसत नाहीत. आल्या की पहिल्या फळ्याकडे बघतात. एकीनं विचारलं, "त्या म्हाताऱ्याला पोरंबाळं हायत काय रे?" मला माहीत नाही. मी तिथल्या वाऱ्याचा वेग सांगू शकतो, माणसाचं काहीच नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

साडेअकरा. तिकडं दहा. आत्ताच मृणालीचा फोन. हसत हसतच सांगत होती. हॉलच्या दारात उसाचा ट्रक येऊन लागलाय, आत गवताच्या गाद्या अंथरलेल्या. कान्हूजी आलेत, गुणाजीचं पटलं म्हणत, मूर्ती डोंगरामागं न्यायला. ट्रक स्वतः चालवत!