धुतलेल्या हातावरची मिरची

माय,

आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलंय. मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात त्याला. तू असतीस तर "कसाना कारखाना शे हाऊ?" असं विचारत पदर नाकाला लावला असतास. नंदुरबारचे व्यापारी माल बाहेर पाठवण्याआधी मिरची आमच्याकडे तपासायला देतात. आजवर ती दळा, रसायनात भिजवा, गाळा, मग दुपारपर्यंत वाट बघा, असा सगळा खटाटोप असायचा. आता मिरची वाळवणाच्या पथारीवरून आली तशीच, न धुता, न कुटता चिमट्यात धरायची आणि यंत्राच्या तोंडासमोर उघड्या हवेत न्यायची. गरम वायूचा झोत तिच्यावरून जातो. सालीवरचं जे उडतं ते यंत्र ओढून घेतं, त्याच्या कणांचं वजन करतं, आणि वजनावरून आपण ते काय आहे ते ओळखतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर तिखटाची रेघ उभी राहते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तूच आठवलीस.

पथारीवर, त्या उघड्या माळावर वाळत घातलेल्या मिरचीत, तुझा जन्म गेला. लहानपणीचं अजून डोळ्यांसमोर आहे: दिवसभर देठ खुडून तू घरी येतेस. आधी हाताला तेल चोळतेस, मग चुलीतली राख, मग साबण. मी उंबऱ्यात बसून बघतेय. धुऊन झालं की मी उठते, आणि तू हात पदरात गुंडाळतेस. "दूर ऱ्हाय बेटा, मन्हा हात तिखा शेतस." मी म्हणते, आत्ता तर धुतलेस! "धोईसन बी जात नही. कातडीमा बसेल शे ते." मी तान्ही असताना तू एकदा माझे डोळे पुसलेस आणि मी आकांत केला, हे शेजारची मावशी सांगायची. तेव्हापासून माझं तोंड धुणं, काजळ, वेणी, सगळं तिच्याकडे गेलं. आपल्या भाकरीला चटणी लागत नाही, ती पिठातच उतरते, असं म्हणून आपण दोघी हसायचो. पण हसून झाल्यावर मला वाईट वाटायचं. भाकरी थापायला हात चालतो आणि माझ्या गालाला चालत नाही? ही सबब आहे, हिला मी नकोच होते, असं मी मनाशी धरून बसले. पोरींचं मन असंच असतं, एकदा अढी बसली की बसली.

मग तुझा दम वाढला, पथारी सुटली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुझे हात कापसासारखे मऊ झाले होते. मी तुझा हात उचलून माझ्या गालाकडे नेला. तू तो ओढून घेतलास, चादरीखाली लपवलास आणि भिंतीकडे तोंड केलंस. ते मी इतकी वर्षं उरात घेऊन फिरतेय, माय.

परवा काम आवरल्यावर मी एक मिरची घेतली, देठ खुडला, बोटांत चुरला. मग हात धुतले. तेल, साबण, पुन्हा साबण. राख कुठून आणणार! काचेची कांडी बोटावर घासून यंत्रासमोर धरली. रेघ उभी राहिली. ठेंगणी होती, पण होती. शेजारच्या टेबलावरच्या सरांनी विचारलं, "हा कोणत्या पार्टीचा माल?" मी म्हटलं, "घरचा."

म्हणजे तू खरं बोलत होतीस. दवाखान्यातल्या त्या दिवशी मात्र तुझ्या हातांवर काही नव्हतं, हे सांगायला मला यंत्र लागत नाही. फक्त तुला ते पटत नव्हतं. जन्मभर हात आवरून धरलेस, शेवटी ते सोडता आले नाहीत. मला नको म्हणत नव्हतीस गं. मला जपत होतीस. हे कळलं, पण आता कळून काय करू?

हे कुठं पाठवू? तुला वाचता येत नव्हतं. कुणाचंही पत्र आलं की मीच वाचून दाखवायची.

एक सांगायचं राहिलं. परवा रेघ पाहिल्यावर मी हात पुन्हा धुतले नाहीत. तशीच घरी आले, दार लावलं आणि तळवा गालावर ठेवला. हळूहळू चुरचुरायला लागलं. मी पाणी लावलं नाही.