तेलकट मुंडासं

मार्गासनी, रविवार, चैत्र १९५४

अजून डोकं तापलंय. यात्रेतल्या पैजेची जड दगडी गोटी मी उचलून खांद्यावर घेतली. मग रीतीप्रमाणे ती पुढच्या गड्यासाठी आपल्याच मुंडाशानं कोरडी पुसून द्यायची. मला धाप लागलेली, म्हणून पुसायला मुंडासं आमच्या गावच्या सखारामकडं दिलं. पालीच्या धोंडिबानं गोटी छातीपर्यंत आणली अन् ती निसटली. पायाचा अंगठा चेचला. बांधायला तेच मुंडासं फाडलं, तर हाताला तेल!

धोंडिबानंही पाहिलं. एवढंच म्हणाला, "तुमी उचलली ती खरीच हाय."

सखाराम म्हणतो, "गावासाठी केलं म्या." गावासाठी? मुंडासं माझं होतं! हात राखेनं तीनदा घासले, तेलाचा वास जात नाही.

धोंडिबाचा अंगठा भरून येईल. पण मी खरंच जिंकलो असतो का, हे आता कुणाला विचारू?