अर्ध्या होडीची व्यवस्था

मी, नंदकिशोर दत्ताराम सामंत, निवृत्त ड्राफ्ट्समन, राहणार नेरूळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या फुफ्फुसांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला नीट समजले आहे. तेव्हा डोके ठिकाणावर आहे असे धरायला हरकत नाही. कोणाचा दबाव नाही. मुलगी अबोली स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवते आहे, त्याला दबाव म्हणता येणार नाही.

१. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द. त्यात ‘होडी फोडून जाळावी’ असे लिहिले होते. होडीत अर्धा वाटा माझ्या मित्राचा आहे. दुसऱ्याचा अर्धा जाळता येत नाही, हे तेव्हा सुचले नव्हते.

२. राहता फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी, सर्व स्वकष्टार्जित, अबोलीला. तिचा भाऊ पार्थ याची खोली मी होती तशी ठेवली. तिने ठेवू नये. खिडकी उघडावी, भिंतींना रंग द्यावा.

३. पार्किंगमधला होडीचा जुना नांगर सोसायटीला. सेक्रेटरींनी त्याला ‘भंगार’ म्हणून नोटिसांवर नोटिसा पाठवल्या. आता ते भंगार त्यांचे. एकट्याला तो उचलवत नाही, हे कळवून ठेवतो.

४. होडी. इंजिन जोडलेली ही शिडाची होडी मी आणि बाबासो यादव याने, एकाच ऑफिसातल्या दोघांनी, निम्मी-निम्मी घेतली. ती उरणजवळ करंजाला असते. मी मालवणचा, बाबासो सांगलीकडचा, विहिरीत पोहायला शिकलेला. पहिल्यांदा किनारा दिसेनासा झाला तेव्हा म्हणाला, “नंद्या, ही पण विहीरच की रं. काठ तेवढा दिसंना.”

दिवाळी झाली की दक्षिणेकडे निघायचो. दर खेपेला कन्याकुमारी ठरलेली असायची. एकदा रत्नागिरीला इंजिनने मान टाकली. एकदा दाभोळच्या खाडीच्या तोंडावर वाळूत रुतून बसलो. भरती येईपर्यंत बाबासोने तिरक्या होडीत पिठलं केलं. एकदा कारवारपर्यंत पोचलो आणि रजा संपली.

शेवटच्या फेरीत पार्थ बरोबर होता. देवगडच्या बाहेर, तुटून वाहत आलेले जाळे होडीखालच्या, इंजिनच्या पंख्यात गुंतले. इंजिन बंद, वारा पडलेला, लाटा आडव्या. पार्थ सुरी घेऊन पाण्यात उतरला. “बाबा, टेन्शन नका घेऊ, आलोच.” लाटेने होडी उचलली आणि ती त्याच्या डोक्यावर बसली. सुकाणूवर बाबासो होता. त्याने पार्थला थांबवले नाही, हा माझा त्याच्यावरचा दावा.

मी अस्थी घेऊन एसटीने परतलो. होडी तो एकटा घेऊन आला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. तो होडीजवळ, द्रोणागिरीला राहायला गेला. दर पावसाळ्याआधी होडी वर ओढून घेतो, तळ खरवडतो, रंग देतो, असे अबोलीकडून कळते. ती त्याला मदत करायला जाते, हेही कळते. “कन्याकुमारी राहिलीय ना, बाबा,” म्हणते. मला हे एकच मूल उरले आहे.

म्हणून माझा अर्धा वाटा बाबासोला. पूर्ण मालक झाल्यावर त्याने होडी विकून टाकावी. माझा दावा मी मागे घेत नाही. पण तो वारशाने कोणालाही देत नाही. तो माझ्याबरोबर संपेल.

५. साक्षीसाठी आज बाबासोला बोलावले. तो आला आणि चपला काढून दाराबाहेरच उभा राहिला. अबोलीने हाताला धरून आत आणले. मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाई म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. सही किंवा होडी, एक काय ते ठरवा. त्याला कलम ४ वाचून दाखवले. दाव्यासकट.

“सही करतो,” बाबासो म्हणाला. “होडी नगं.”

“का?”

“अर्धी तुझी हाय म्हणून रंग देतोय न्हवं? पुरी माझी झाल्यावर कुणासाठी देऊ?”

“मग अबोली होडी घेऊन जाईल कन्याकुमारीला. थांबवशील तिला?”

पेन उघडत तो म्हणाला, “पार्थाला न्हाई थांबवता आलं, हिला कसं थांबवू? बरोबर जातो.”

६. सबब कलम ४ मधील होडीची व्यवस्था रद्द. माझा अर्धा वाटा अबोलीला. अट घालता येते का, असे वकीलबाईंना विचारले. “घालता येते,” त्या म्हणाल्या, “पण पाळली का ते बघायला तुम्ही नसाल.”

तरी घालतो. जाळे पंख्यात गुंतले तर कोणीही पाण्यात उतरू नये. नांगर टाकावा; तळ लागत नसेल तर वाहत जावे. कोणीतरी येते आणि ओढून नेते. आम्हालाही देवगडच्या एका होडीने ओढून नेले. पार्थ उतरला तेव्हा ती मला लांबून येताना दिसत होती.

मजकूर वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

नंदकिशोर दत्ताराम सामंत

साक्षीदार:
१. बाबासो ज्ञानू यादव, द्रोणागिरी
२. भाविका अरुण म्हात्रे, शेजारी, नेरूळ

नेरूळ, नवी मुंबई
२२ नोव्हेंबर २०२५